पोटाचा घेर, रक्ताची साक्ष आणि हृदयाचे आरोग्य

दहिसर हे बृहन्मुंबईचे उत्तरेकडील टोक होय. १९५७ साली महानगरपालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली, त्या वेळी हा सारा परिसर शेतीवाडीचा होता. राष्ट्रीय उद्यानातील डोंगरांतून उतरणारी दहिसर नदी, तिच्या काठची वस्ती आणि पायी चालणारी माणसे असे त्याचे रूप होते. आज तेथे उंच इमारती आहेत, पश्चिम रेल्वेची गजबज आहे आणि २०२२ पासून मेट्रोही धावत आहे. पूर्वी ज्या माणसाचा दिवस चालण्यात आणि वाकण्यात जात असे, त्याच्या नातवाचा दिवस गाडीत उभे राहण्यात आणि कार्यालयात बसण्यात जातो. हा बदल केवळ दहिसरचा नाही. तालुक्याच्या गावापर्यंत, किंबहुना रस्ता व मोटारसायकल जेथे पोहोचली तेथपर्यंत तो पोहोचला आहे.

आमच्या इमारतीत एक मुख्याध्यापक राहतात. वय चौपन्न. अंगाने सडपातळ. एके दिवशी संध्याकाळी ते हातात रक्ततपासणीचा अहवाल घेऊन आले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही माहिती खात्यातले. या कागदाचा अर्थ जरा समजावून सांगा. डॉक्टर म्हणतात, हृदयाला धोका आहे. पण मी तर आयुष्यात कधी जाड नव्हतो!” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “माझे थोरले बंधूही असेच सडपातळ होते. पन्नाशीत गेले. सकाळी छातीत दुखले आणि दुपारी सगळे संपले.”

गुरुजींचा प्रश्न एकट्याचा नव्हता. ‘जो जाड, त्यालाच हृदयविकार’ ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. ती कितपत खरी आहे आणि स्थूलता व हृदयविकार यांना जोडणाऱ्या कोणत्या खुणा आपल्या रक्तात उमटतात, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखक वैद्य नाही. परंतु वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेली माहिती सामान्य वाचकापर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम आहे.

वजनकाट्याची मर्यादा

स्थूलता मोजण्याचे रूढ परिमाण म्हणजे शरीर वस्तुमान निर्देशांक. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील गणिती ॲडॉल्फ केटले यांनी हे सूत्र मांडले, आणि १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. गुरुजींची उंची १६५ सेंटिमीटर व वजन ६२ किलोग्रॅम, म्हणजे निर्देशांक सुमारे २२.८. वरवर पाहता यात वावगे काही नाही.

परंतु हा निर्देशांक शरीराचे एकूण वजन सांगतो. त्यात स्नायू किती व मेद किती, हे सांगत नाही. याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले असता युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. वजनकाट्याला जो फरक दिसला नाही, तो त्वचेच्या आत होता.

यामुळेच भारतीयांसाठी वेगळ्या मर्यादा ठरविणे तज्ज्ञांना आवश्यक वाटले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने मांडलेल्या निकषांनुसार निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता समजावी. त्याहूनही महत्त्वाचा निकष कमरेच्या घेराचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या मर्यादेपलीकडचा घेर धोक्याचा मानावा. गुरुजींच्या कमरेभोवती टेप धरली तेव्हा घेर ९६ सेंटिमीटर निघाला. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण आपल्याकडे इतकी सर्वसाधारण आहे की तिला कोणी दोष म्हणतच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक निर्देशांकानुसार स्थूल आढळले, तर पोटाच्या घेरानुसार हे प्रमाण ३९.५ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतरातच गुरुजींसारखी असंख्य माणसे उभी आहेत.

मेद हे केवळ कोठार नव्हे

मेद म्हणजे उरलेल्या अन्नाचे कोठार, एवढीच त्याची ओळख दीर्घकाळ होती. ती अपुरी ठरली. १९९३ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, स्थूल प्राण्यांच्या मेदपेशी दाह निर्माण करणारा एक पदार्थ स्वतः तयार करतात. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे मेदपेशींत तयार होणारे संप्रेरक शोधून काढले. तेव्हापासून मेद ही एक ग्रंथी आहे असेच शास्त्र मानू लागले.

मात्र सर्व मेद सारखा नसतो. फ्रान्समधील जाँ व्हाग या वैद्यांनी १९४७ सालीच निदर्शनास आणले होते की, मांड्या व नितंबांवरील मेदापेक्षा पोटावरील मेदाशी मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार अधिक निगडित असतात. याचे कारण आता समजले आहे. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती साठलेल्या मेदातून मेदाम्ले सुटतात, आणि तेथील रक्त थेट यकृतात जाते. यकृतावर मेदाचा भार पडतो. ते ट्रायग्लिसराइडयुक्त कण अधिक प्रमाणात रक्तात सोडू लागते, त्याचबरोबर संरक्षक कोलेस्टेरॉल घटते. स्नायू व यकृत इन्शुलिनचा हुकूम पूर्वीसारखा पाळीत नाहीत, म्हणून स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन स्रवावे लागते. पुढे तेही अपुरे पडले की रक्तातील साखर चढते. याच मेदातून निघणारे इंटरल्युकिन-६ नावाचे द्रव्य यकृताला संदेश देते आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार करू लागते. शरीरात मंद पण अखंड दाह सुरू राहतो, रोहिणींच्या आतील अस्तराला इजा पोहोचते, आणि त्या अस्तराखाली मेदाचे थर साचू लागतात. असा थर एखाद्या दिवशी फुटला आणि त्यावर रक्ताची गुठळी धरली की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

अहवालातील आकडे कसे वाचावेत

गुरुजींच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल १९८ होते. ‘दोनशेच्या आत आहे, म्हणजे ठीक’ असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. पण इतर आकडे पुढीलप्रमाणे होते : उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड २२८, संरक्षक कोलेस्टेरॉल अर्थात एचडीएल ३४. हे सर्व आकडे मिलिग्रॅममध्ये, दर १०० मिलिलिटर रक्तामागे आहेत. रक्तदाब १२८/८२ होता.

आता निकष पाहू. पुढील पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी आढळल्यास त्या स्थितीस चयापचय-दोषसमूह म्हणतात : (१) कमरेचा घेर वर सांगितलेल्या मर्यादेबाहेर असणे, (२) ट्रायग्लिसराइड १५० वा अधिक, (३) एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, (४) रक्तदाब १३०/८५ वा अधिक, (५) उपाशीपोटी साखर १०० वा अधिक. या एकत्रित दोषांकडे अमेरिकन वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली जगाचे लक्ष वेधले. गुरुजींच्या बाबतीत रक्तदाब सोडून बाकी चारही दोष हजर होते. प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर ‘थोडासाच वाढला आहे’ असे वाटते. चौघे एकत्र आले की त्यांचा अर्थ बदलतो.

यानंतर एक साधी वजाबाकी करावी. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की रोहिणींस घातक ठरणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल कळते. सर्वसाधारण व्यक्तीत ही संख्या १३० च्या आत असणे इष्ट. गुरुजींच्या बाबतीत ती १९८ उणे ३४, म्हणजे १६४ आली. या वजाबाकीस वेगळा खर्च लागत नाही. अहवाल हाती असलेला कोणीही ती करू शकतो.

याहून नेमकी तपासणी म्हणजे ॲपोलायपोप्रोटीन-बी. प्रत्येक घातक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून तो मोजला की कणांची संख्याच कळते. पोट सुटलेल्या माणसात हे कण आकाराने लहान आणि संख्येने पुष्कळ असू शकतात. अशा वेळी कोलेस्टेरॉलचा आकडा बेताचा दिसूनही धोका मोठा असतो. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याशी जोडलेल्या नऊ प्रमुख कारणांत या प्रथिनाचे गुणोत्तर, तंबाखूसेवन, मधुमेह, रक्तदाब आणि पोटाचा घेर ही कारणे ठळक ठरली. त्याच अभ्यासातील माहितीवरून २००७ साली असे दिसून आले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर अन्य देशांत ५८.८ व्या वर्षी. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे आधी. गुरुजींच्या थोरल्या बंधूंचे जाणे हा निव्वळ दैवाचा घाला नव्हता, हे त्यांना सांगताना मला शब्द जपून वापरावे लागले.

अहवालातील शेवटची ओळ होती सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची, ४.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले. अतिसंवेदनशील पद्धतीने मोजले असता १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ पेक्षा अधिक म्हणजे धोका जास्त, असा ठोकताळा आहे.

पुणे परिसरातील संशोधन

सडपातळ भारतीयांत हे दोष का यावेत, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग पुणे जिल्ह्यातील खेड्यांत सापडला. १९९३ पासून डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळील सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवली, आणि त्यांच्या बालकांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. या बालकांचे जन्मवेळचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम होते. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. वजनातील हा फरक स्नायू व पोटातील अवयवांच्या बाबतीत मोठा होता, परंतु त्वचेखालील मेद मात्र आपल्या बालकांनी पुष्कळसा राखून ठेवला होता. जन्मतः नाळेतील रक्त तपासले असता, वजनाच्या मानाने भारतीय बालकांत इन्शुलिन व लेप्टिन अधिक आढळले. सडपातळपणाआड दडलेली स्थूलता आईच्या उदरातच आकार घेऊ लागते, असा याचा अर्थ आहे.

याच गटाने ग्रामीण भागातील, शहरी झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील एकूण ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा तौलनिक अभ्यास केला. खेड्याकडून मध्यमवर्गीय शहरी जीवनाकडे येताना शरीरातील मेदाचे प्रमाण आणि दाहाच्या रक्तखुणा वाढलेल्या दिसल्या. दहिसरसारख्या उपनगराने दोन पिढ्यांत जो प्रवास केला, त्याचेच हे रक्तात उतरलेले चित्र म्हणावयास हरकत नाही.

रक्तखुणांच्या मर्यादा

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. खूण म्हणजे कारण नव्हे. धूर दिसला म्हणजे आग आहे हे कळते, पण धुरावर पाणी मारून आग विझत नाही. आनुवंशिक अभ्यासांवरून असे दिसते की, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन स्वतः हृदयविकार घडवीत नाही. ते केवळ दाहाची वार्ता देते. प्रत्यक्ष दाह मात्र महत्त्वाचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दाह कमी करणाऱ्या एका औषधाने कोलेस्टेरॉल न घटविताही हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी केल्या. ते औषध सामान्य वापरासाठी नव्हते, परंतु दाहाचा सिद्धांत त्यातून पक्का झाला.

ताप, दातांतील पू, जखम अथवा पावसाळ्यातील एखादा संसर्ग यांमुळेही हे प्रथिन वाढते. ते १० च्या पुढे गेले तर आधी संसर्ग शोधावा आणि बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. लायपोप्रोटीन-ए नावाची आणखी एक खूण मुख्यतः आनुवंशिक असते. तिचा पोटाच्या घेराशी फारसा संबंध नाही, परंतु घराण्यात अकाली हृदयविकार असेल तर ती एकदा तपासून घेणे उपयुक्त ठरते. होमोसिस्टीनचेही तसेच. वर उल्लेखिलेल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत आणि शहरी मध्यमवर्गीयांपैकी ८१ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यामुळे होमोसिस्टीन वाढलेले होते. ब-१२ ची उणीव भरून काढणे आवश्यकच आहे. मात्र तेवढ्याने हृदयविकाराचे झटके टळतात असे चाचण्यांत दिसलेले नाही.

दुसरी बाजूही विसरता कामा नये. मुंबई शहरात १९९१ ते १९९७ या काळात ३५ वर्षांवरील १,४८,१७३ व्यक्तींची नोंद करून त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यात अतिशय कृश व्यक्तींमधील मृत्युदर अधिक आढळला. तेव्हा वजन कमी करा, हा सरसकट उपदेश आपल्या राज्यात चालणार नाही. ज्या घरात पुरेसे अन्न नाही तेथे प्रश्न निराळा आहे. आणि गर्भवती मातेचे पोषण हा तर दोन्ही प्रश्नांचा समान पाया आहे.

काय करता येईल?

प्रथम व्यक्तीने काय करावे ते पाहू. घरात शिंप्याची टेप असावी. सर्वांत खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर, पोट आत न ओढता घेर मोजावा. तिशी उलटल्यावर रक्तदाब, साखर व रक्तातील मेद यांची तपासणी करून घ्यावी. तपासणीपूर्वी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आठ ते बारा तास उपाशी राहावे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाब व साखर तपासणीची तरतूद आहे. मुंबईत २०२२ साली सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेतही प्राथमिक तपासणीची सोय करण्यात आली. महागड्या तपासण्यांच्या मागे लागण्यापूर्वी या साध्या तपासण्या कराव्यात.

उपायांचा क्रमही साधाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्यातून किमान १५० मिनिटे दमदार चालणे प्रौढांस आवश्यक आहे. वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी ट्रायग्लिसराइड, साखर व दाहाच्या खुणा उतरू लागतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्यांची उसळ, ताक व पालेभाजी ही आपली परंपरागत थाळी यासाठी पुरेशी आहे. ताटातील भाताचा ढीग, चहातील साखर, फरसाण आणि स्थानकाबाहेरचा वडापाव यांना मात्र आवर घालावा लागेल. तंबाखू, मिश्री व विडी यांना तर थाराच नको. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा, आणि तो एकदा झाला की औषध मनाने बंद करू नये.

परंतु सारे ओझे व्यक्तीच्याच माथी टाकणे न्याय्य नाही. तळणाचे तेल पुनःपुन्हा वापरण्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून मर्यादा घातली आहे, तसेच तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. या नियमांची अंमलबजावणी होते किंवा कसे, हे अधिकाऱ्यांनी पाहावयास हवे. शिक्षकांना एक तास पुरे. मुलांनी घरातील मोठ्यांच्या कमरेचा घेर मोजून वहीत लिहून आणावा, एवढा पाठ शंभर भिंतीपत्रकांचे काम करील. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत तपासणीचा दिवस जाहीर करावा, गावात चालण्यास सुरक्षित रस्ता व मुलांस खेळण्यास मैदान राखून ठेवावे, आणि अंगणवाडीत गर्भवती मातांना मिळणाऱ्या आहाराकडे स्वतः लक्ष द्यावे. पुण्याजवळच्या सहा गावांनी शिकविलेला धडा हाच आहे की, पन्नाशीतील हृदयाची काळजी पाळण्याच्याही आधी सुरू होते.

गुरुजींचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू केले, चहातील साखर सोडली, आणि शाळेत जाताना रिक्षाऐवजी नदीकाठच्या रस्त्याने पायी जाऊ लागले. सहा महिन्यांनी त्यांच्या कमरेचा घेर ९१ सेंटिमीटर झाला. ट्रायग्लिसराइड १६२ वर उतरले. एचडीएल फारसे हलले नाही, आणि तसे ते सहजी हलतही नाही. नवा अहवाल दाखवावयास ते आले तेव्हा सोबत त्यांचा पुतण्या होता, दिवंगत बंधूंचा मुलगा. वय एकतीस, अंगाने सडपातळ. गुरुजींनी खिशातून टेप काढून माझ्या हाती दिली व म्हणाले, “आता याचा घेर मोजा.”